चौरागडाबद्दल सहज विचारतेय

शिवाजी नगर, भोपाळ
७ डिसेंबर २०२५

चि. क्षिते,

आजीचे पोटभर आशीर्वाद आणि गालाला एक चिमटा.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन खालूनच ओरडला, "अम्माजी, जंगल से चिट्ठी आई है!" आणि आपल्या बिल्डिंगच्या चारही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. मी आधी मनात वाचलं, मग तुझ्या आईला वाचून दाखवलं, मग समोरच्या सुमनताईंना. सुमनताई म्हणाल्या, "नात फॉरेस्टात साहेब झाली, आता वाघसुद्धा तुमच्या ओळखीचे." मी म्हटलं, "ओळखीचे नसले तरी नमस्कार करतील."

तुझ्या चौकीवर फोन लागत नाही ते एका परीनं बरंच आहे. फोनवर तू 'हो आजी, ठीक आजी' करून ठेवून देतेस. पत्रात तेवढ्यावर भागत नाही. मी चौथी शिकलेली बाई, माझं अक्षर मुंग्यांची रांग चुकल्यासारखं आहे, पण मला लिहायला सांगितलं की हात थांबत नाही. तुझे आजोबा म्हणायचे, उषाला पोस्टकार्ड देऊ नका, ती पत्त्याच्या जागेवरही लिहील. आणि लिहिलं होतंच एकदा. ते पत्र गेलं कुठे ते महादेवालाच ठाऊक.

महादेवावरून आठवलं. तू पहिलीत होतीस तेव्हा आपण सगळे पचमढीला गेलो होतो. चौरागडाच्या पायथ्याशी एक फॉरेस्टवाला खाकी टोपी घालून उभा होता. तुला त्याची टोपी हवी झाली. पेढा नको, फुगा नको, टोपी. तू धुळीत लोळण घेतलीस. सगळी जत्रा बघतेय, तुझा बाप लाल झालाय. तेव्हा मी गडावरच्या महादेवाच्या देवळाकडे बघून हात जोडले आणि म्हटलं, "देवा, हिला ही टोपी हक्काची मिळू दे. हिच्या उंचीचा त्रिशूळ घेऊन मी तुझ्याकडे चढून येईन." खरं सांगू? तू गप्प बसावीस म्हणूनच बोलले. पण त्यानं ऐकलं. आमच्या वऱ्हाडात पार्वतीला घरची लेक मानतात, म्हणजे महादेव जावई झाले. जावयाला दिलेला शब्द मोडला तर लेकीला बोल लागतो.

त्रिशूळ करायला टाकलाय. आजोबांच्या कारखान्यातले दत्तूभाऊ आता गोविंदपुऱ्यात स्वतःची शेड चालवतात, त्यांच्याकडे. शिवरात्र पंधरा फेब्रुवारीला आहे. पण तुझा बाप म्हणतो, "आई, त्या गुडघ्यांनी तू दूधवाल्यापर्यंत जात नाहीस." मी म्हटलं, "दूधवाल्याला मी नवस बोलले नव्हते." त्यावर जितेंद्रनं पेपर तोंडासमोर धरला. म्हणजे नाही.

म्हणून मी जात नाहीये. हे त्याला कळवलंस तरी चालेल.

नुसतं ज्ञान म्हणून विचारते. तुझा तो डोंगर कसा आहे? एक आहे की एकामागे एक? सावली कुठवर आहे? तो किती जुना, आणि जुना असेल तर बसायला चांगले दगड असतील ना वाटेत? सविस्तर लिही.

तुझी,
आजी

---

वनचौकी, पचमढीजवळ
१९ डिसेंबर २०२५

प्रिय आजी,

तुला नमस्कार, आणि सुमनआजींना निरोप की मी साहेब नाही. मी वनरक्षक आहे. इथे बीटगार्ड म्हणतात. साहेब जीपमध्ये असतात, मी पायी असते. टोपी मात्र मिळाली आहे, ती जरा मोठी होते आणि कानावर टेकते.

तू जंगलाबद्दल विचारलंस याचा मला इतका आनंद झाला! आई विचारते जेवलीस का, बाबा विचारतात पगार झाला का. डोंगर किती जुना, हे विचारणारी तू पहिलीच.

तर ऐक. हा सातपुडा. इथला दगड वाळूचा आहे, आजी. कोट्यवधी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू दबून दगड झाली, मग पाण्यानं तो कापत कापत दऱ्या केल्या. म्हणून कडे असे सरळ उभे. सगळ्यांत उंच धूपगड, तो मावळतीकडे. देनवा नदी या डोंगरांना वळसा घालून तव्याला मिळते आणि तवा नर्मदेला. आणि गंमत म्हणजे सालाची झाडं पूर्वेकडून येतात नि सागाची पश्चिमेकडून, आणि दोघांची गाठ आमच्याकडे पडते. विहिणी भेटल्यासारखी, एकमेकींना लागून, पण आपापला काठ धरून.

पलीकडे बोरीचं जंगल आहे. सत्तावनच्या उठावात इथल्या भभूतसिंहानं इंग्रजांना याच दऱ्यांतून झुलवलं. तो पकडला गेल्यावर त्याचा मुलूख जप्त झाला, आणि पुढे थोड्याच वर्षांत तिथलं जंगल राखीव केलं. देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांत ते मोजतात. आणि आपलं शेकरू आहे इथे! तांबूस, झुबकेदार शेपटीचं. या फांदीवरून त्या फांदीवर जातं तेव्हा वाटतं, कुणीतरी लोकरीचा गुंडा भिरकावला.

एक गोष्ट मात्र आनंदाची नाही. आत काही गावं होती, ती वाघांसाठी बाहेर नेली. तिथे आता गवत वाढलंय, हरणं चरतात. पण त्या गवतात आंब्याची झाडं ओळीनं उभी आहेत. जंगल कधी ओळीत झाड लावत नाही ना. मी तिथे गेले की उगाच हळू चालते.

त्रिशुळाचं म्हणशील तर इकडे पाठवून दे. जत्रेत माझी ड्यूटी आहेच, कुणाकडून तरी वर पोचवीन. तू येऊ नकोस. खरंच येऊ नकोस, आजी. पायऱ्या फार उभ्या आहेत, एका बाजूला दरी आहे, गर्दीत मला तुझ्याकडे बघता येणार नाही. येणार नाहीस ना?

तुझी,
क्षिती

---

शिवाजी नगर, भोपाळ
४ जानेवारी २०२६

चि. क्षितिजास,

आशीर्वाद आहेतच, ते रुसण्यात कमी होत नाहीत.

पत्र सुरेख लिहिलंस. साल आणि साग विहिणींसारखे, हे मी तुझ्या आईच्या आईला फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "यातला साग कोण?" मी म्हटलं, "तुम्ही व्हा बाई साग, मला सालही चालेल." खूष झाल्या. ते आंब्यांच्या ओळीचं मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. गाव उठलं, मग त्यांचा देव कुठे गेला? तो नेला का बरोबर, की तो तिथेच गवतात बसलाय? विचारून ठेव.

पण त्या 'येऊ नकोस'चं कारण मला कळलं हो. दोनदा लिहिलंस. तुझ्या साहेबलोकांसमोर नऊवारी नेसलेली म्हातारी, खांद्यावर त्रिशूळ, 'हर बोला हर हर महादेव' ओरडत येणार आणि म्हणणार, "ही माझी क्षिती, ही इथे धुळीत लोळली होती." लाज वाटेल तुला. वाटणारच. मी रागावले नाहीये. फक्त परवा भाजीत मीठ दोनदा पडलं, तेवढंच.

आणि कुणाकडून तरी वर पोचवीन म्हणजे काय? ते पार्सल आहे का? नवस ज्या तोंडानं बोलला, त्याच अंगाचे पाय लागतात.

इथे निराळाच घोळ झालाय. त्रिशूळ तुझ्या उंचीचा, पण कधीच्या उंचीचा? नवस बोलले तेव्हा तू माझ्या कमरेला लागायचीस. आता तुझ्या बापाच्या कानाला लागतेस. आमच्या हळदीकुंकवाच्या बायका जमल्या तेव्हा हा प्रश्न निघाला आणि तिळगुळाच्या पाकाचा विषय मागे पडला. सुमनताई म्हणाल्या, "बोलले तेव्हाचं माप. सोनार तरी काल ठरवलेली अंगठी आजच्या भावानं देतो का?" तळमजल्याच्या बाई म्हणाल्या, "नाही, टोपी मोठ्या क्षितिजाला मिळाली, माप मोठीचंच." शेवटी मीच निकाल दिला. देवानं पोरीला वाढवताना हात आखडता घेतला नाही, तर मी का घेऊ? आजचं माप.

दत्तूभाऊंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "भाभीजी, एवढा भरीव लोखंडाचा केला तर त्रिशूळ तुम्हाला घेऊन खाली येईल. पाइपचा करतो. आतून पोकळ, कुणाला कळतंय?" मी म्हटलं, "महादेवाला." मग त्यांनी शेडमधली एक भरीव सळई माझ्या खांद्यावर ठेवली. मी म्हटलं, "पोकळीतही तोच भरलेला असतो, पाइप घ्या."

काल त्रिशूळ घरी आला, जुन्या चादरीत गुंडाळून. विनितानं विचारलं, "आई, हे काय?" मी म्हटलं, "पडद्याची सळई." ती म्हणाली, "बरीच मोठी खिडकी आहे वाटतं." आणि आत गेली. तुझी आई हुशार आहे, कमी बोलते म्हणून कळत नाही.

मी रोज छतावर उन्हाला जाते. चार मजले चढून. हाडांना ऊन चांगलं असतं असं तुझा बापच म्हणतो.

मला फक्त एवढंच सांग, ती दरी चढताना डाव्या हाताला येते की उजव्या? सहज विचारतेय.

आजी

---

वनचौकी
१७ जानेवारी २०२६

आजी,

भाजीत दोनदा मीठ पडलं हे वाचून मी चौकीच्या पायरीवर बसून राहिले. मला तुझी लाज वाटेल? नऊवारीत ये, दहावारीत ये, ढोल घेऊन ये. माझ्या धुळीत लोळण्याची गोष्ट मी स्वतःच सगळ्या स्टाफला सांगितली आहे.

कारण दुसरं आहे. कुणाला सांगू नकोस. मला उंचीची भीती वाटते.

हसू नकोस! भरतीत सपाट रस्त्यावर चालायची परीक्षा होती, त्यात मी पहिल्या पाचांत आले. जंगलात रात्र असो, अस्वल असो, मी जाते. पण कड्यावर उभी राहिले की पायांचं पाणी होतं. इथे येऊन सहा महिने झाले आणि मी चौरागड एकदाही चढलेली नाही. पाळी आली की दुसऱ्या कुणाशी बदलून घेते. सगळ्यांना वाटतं मला रानातली पाळी आवडते. या वेळी बदलता येत नाहीये. माझी जागा पायऱ्यांच्या मध्यावर आहे, जिथे कडा सुरू होतो. मी तिथे कठडा धरून उभी राहीन, आणि तेवढ्यात तू गुडघे धरत येशील. तुला काही झालं तर मला तुझ्यापर्यंत चार पायऱ्या उतरताही येणार नाही. म्हणून 'येऊ नकोस'.

गावाच्या देवाचं विचारलं. देव तिथेच आहे, झाडाखाली. माणसं वर्षातून एकदा परवानगी काढून येतात, नारळ फोडतात, संध्याकाळच्या आत परत जातात. इथले एक जुने कोरकू चौकीदार आहेत दिगंबरकाका, ते म्हणाले, "देवाला पुनर्वसन नको होतं."

दरी उजव्या हाताला. हे मी सहजच सांगतेय.

क्षिती

---

शिवाजी नगर, भोपाळ
३० जानेवारी २०२६

क्षिते, माझ्या वाघिणी,

हसले नाही. थोडं हसले, पण तोंडात पदर धरून.

अगं, भीती तर आपल्या घरातली आहे. तुझे आजोबा फिटर होते, पण बल्ब बदलायला स्टुलावर मी चढायची आणि ते खाली स्टूल धरून डोळे मिटायचे. चाळीस वर्षं कारखान्यात कुणाला पत्ता लागला नाही.

आता नीट ऐक. मी कुठेही येत नाहीये. मी सुमनताईंबरोबर मंडीदीपला चाललेय, त्यांच्या लेकीकडे, उषाप्रभेकडे, चार दिवस. मंडीदीप आणि पचमढी एकाच रस्त्यावर आहेत, त्यात माझा काय दोष? गाडीवाला थांबायचं विसरला तर मी बिचारी म्हातारी काय करणार.

उजव्या हाताला दरी म्हणजे मी डावीकडून चालेन. तू कठडा सोडू नकोस. उरलेलं आल्यावर बघू. नाही, आल्यावर कसलं, मी येतच नाहीये.

आजी

---

पचमढी
१७ फेब्रुवारी २०२६

चि. जितेंद्र यास,

आईचा आशीर्वाद. आधी पाण्याचा पेला हाताशी घे.

मी मंडीदीपला नाही. पचमढीत आहे, तुझ्या लेकीच्या क्वार्टरमध्ये, पाय गरम पाण्यात. दोघीही धडधाकट आहोत. विनितावर ओरडू नकोस, तिला मी काही सांगितलं नव्हतं. माझ्या थैलीत गुडघ्याचे पट्टे आणि शेकायची पिशवी कुणी ठेवली ते मला माहीत नाही.

चौरागड चढले. आता ओरडून घे, मग पुढचं वाच.

पहाटे निघालो. माणसांचा पूर होता, सगळा आपला विदर्भ लोटला होता. कुणाच्या खांद्यावर वीतभर त्रिशूळ, कुणी चौघं मिळून उचललेला. माझा बघून एक वरूडचा माणूस म्हणाला, "आजी, पोरगी उंच दिसते तुमची!" मी म्हटलं, "नशीब समजा, पोराचा नवस नव्हता." सुमनताई पहिल्या वळणावर दम खायला बसल्या त्या बसल्याच, त्यांना एक भजन मंडळ सापडलं. मी दहा पायऱ्या चढायचे, एक गोष्ट आठवायचे. क्षितीनं पत्रात सगळं लिहिलं होतं ना. ही वाळू होती, हा दगड झाला. एवढी वाळू एवढ्या काळानं दगड होते, तर मला घाई कसली? असं म्हणत बसायचे आणि उठायचे.

मध्यावर आली तुझी लेक. खाकी कपडे, कानावर टेकलेली टोपी, दोन्ही हातांनी कठडा धरलेला, आणि जमिनीकडे बघत ओरडतेय, "हळू चला, प्लास्टिक टाकू नका, हळू चला!" लोकांना वाटत होतं केवढी शिस्तीची आहे. जवळ गेले तर ओठ पांढरे. तिला कड्याची भीती वाटते, जितेंद्र. तुझ्या बाबांवर गेलीय. तुला सांगू नको म्हणाली होती, म्हणून तू मला हे विचारू नकोस, नुसतं वाच.

मी म्हटलं, "त्रिशूळ मागून जड होतोय, टोक धर." ती म्हणाली, "आजी, मी जागा सोडू शकत नाही." तेवढ्यात तिचे मोठे साहेब वरून उतरले. भले गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "क्षितिजा, माताजी को ऊपर तक छोड़कर आओ. यह भी ड्यूटी है." दुसऱ्या एकाला तिथे उभं केलं. म्हणजे त्यांना आधीपासून ठाऊक होतं की काय, देव जाणे.

मग आम्ही निघालो. पुढे मी, मागे ती, मध्ये त्रिशूळ. तिला म्हटलं, माझ्या पाठीवरचा लुगड्याचा काठ मोज, दुसरीकडे बघू नकोस. काठात मोजायला काही नसतं, पण ती मोजत होती. माझा गुडघा करकरला की ती विचारायची, "आजी, थांबू?" आणि तिचा श्वास अडकला की मी म्हणायचे, "मला दम लागलाय गं." दोघीही खोटं बोलत वर पोचलो.

तिथे हजारो त्रिशूळ आहेत, रे. लोखंडाचं जंगलच. त्यात आपला उभा केला, दत्तूभाऊंचं नाव घेतलं, तुझ्या बाबांचं घेतलं. क्षिती डोळे मिटून उभी होती. मी म्हटलं, "अगं, धूपगड कुठला यातला?" तिनं डोळे न उघडता हात केला, तो सरळ प्रसादाच्या दुकानाकडे. मी म्हटलं, "ते तर नारळवाले आहेत." तिला हसू आलं आणि एक डोळा उघडला. मग मी सोडलंच नाही. देनवा कुठून वळते? बोरी कुठे? साल कुठून सुरू होतो? जंगलाबद्दल चुकीचं तिला सांगवत नाही, म्हणून तिला बघावं लागलं. आधी एका डोळ्यानं, मग दोन्ही. मग तीच मला धरून फिरवायला लागली. "आजी, तो धूपगड. आणि दक्षिणेला बघ, ते धुकं दिसतं ना, त्याच्या पलीकडे छिंदवाडा आणि त्याच्याही पलीकडे वरूड." माझं माहेर त्या बाजूला. डोंगरामागे डोंगर, निळे, मग फिकट निळे, मग नुसते असतील असं वाटणारे. मी त्याच्या एका बाजूला जन्मलेली आणि जन्मभर दुसऱ्या बाजूला राहिलेली, पण हा मधला प्रांत एवढा मोठा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

इथवर छान झालं.

मग मी म्हटलं, चला. आणि आम्ही दोघी पहिल्या पायरीशी येऊन उभ्या राहिलो. जितेंद्र, चढायचं आम्ही दोन महिने ठरवत होतो. उतरायचं कुणी ठरवलंच नव्हतं! माझे गुडघे चढताना कुरकुरतात, पण उतरताना साफ नाही म्हणतात. आणि तिला चढताना माझी पाठ दिसत होती, आता समोर नुसती दरी. ती म्हणाली, "आजी, मला नाही जमणार." मी म्हटलं, "मलाही नाही." आम्ही खाली बसलो आणि एकमेकींकडे बघून इतकं हसलो की लोकांना वाटलं अंगात आलंय. एका बाईनं माझ्या पाया पडून घेतलं.

शेवटी तशाच बसून उतरलो. एक पायरी, मग दुसरी, रांगायच्या आधी पोरं सरकतात तशा. शेजारी शेजारी, दरीकडे मी, कातळाकडे ती. फॉरेस्टची खाकी पँट आणि माझी नऊवारी, दोन्ही मागून फाटल्या. मागचे लोक आधी चिडले, मग एक म्हातारा आमच्यामागे बसला, मग त्याची बायको, मग पंधरावीस जण बसूनच उतरायला लागले. त्यांना वाटलं हा पण नवसच असतो. पुढच्या वर्षी ती पद्धत पडली तर मला जबाबदार धरू नका.

आता शेवटचं, आणि हेच महत्त्वाचं. निम्म्यात एके ठिकाणी कठडा तुटलेला होता. क्षितीनं माझा हात असा धरला की बांगडी पिचली. अशा वेळी माणूस विचार करून बोलतो का? मी म्हटलं, "देवा, पोरीला आणि मला सुखरूप खाली ने, पुढच्या शिवरात्रीला..." आणि अडकले. माझे पाय द्यावेत तर ते तिथेच संपले होते. पोरीचे देववेनात. मग आपल्या घरात चालते पाय उरले कुणाचे?

क्षिती म्हणतेय, "आजी, बाबांना विचारायचं तरी होतं." विचारलं असतं तर तू पेपर तोंडासमोर धरला असतास.

सोळाव्या-सतराव्या पायरीवरच पाय जड होतील तुझे, ऑफिसात बसून बसून. पण वरून दिसतं फार सुंदर, आणि दाखवायला तुझी लेक असेल. ती म्हणालीय, "बाबा येणार असतील तर मी वर उभी राहीन." रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेव, मार्चनंतर तुझे साहेब ऐकत नाहीत. कारण विचारलं तर सांग, आईनं देवाकडे माझं नाव दिलंय, आता काढता येत नाही.

तुझी,
आई